छर्र्याच्या सावलीतला ठिपका

“सर, हे चूक नाही.”

सहामाहीचे पेपर वाटून झाले होते आणि मी फळ्यावर तारीख घालत होतो. मागे वळून पाहिलं. मुलींच्या दुसऱ्या बाकावरून जैबुन शिकलगार उठून उभी राहिली होती. हातात विज्ञानाचा पेपर. त्यातल्या एका उत्तरापुढे मी लाल शाईने घातलेलं शून्य मला फळ्यापासूनही दिसत होतं.

“कोणता प्रश्न?” मी विचारलं. खरं तर मला ठाऊक होतं.

“पाचवा. अगदी बारीक दिव्यासमोर गोळा धरला तर पडद्यावर सावली कशी पडेल, आकृती काढा.”

“मग तू काय काढलंस?”

“सावली. गोल. काळी.”

“आणि तिच्या मधोमध?”

“पांढरा ठिपका.”

सगळा वर्ग हसला. मीही हसलो. ते हसणं आज इतक्या वर्षांनी, शाळा सोडून वीस वर्षं झाल्यावरही, मला नीट आठवतं.

ही १९७३ सालची गोष्ट. सांगली जिल्ह्याच्या टोकाला पळशीवडी नावाचं गाव होतं, तिथल्या हायस्कुलात मी विज्ञान शिकवत होतो. वय अठ्ठावीस. तालुक्यात त्या वेळी बी.एस्सी. झालेले शिक्षक बोटांवर मोजण्याइतके, त्यामुळे ‘उपळेकर सरांचं विज्ञान’ असं लोक कौतुकाने म्हणायचे आणि मलाही ते आवडायचं. प्रकाशाचा धडा तर माझा खास. भोकं पाडलेले तीन पुठ्ठे एका ओळीत उभे करायचे, मागे मेणबत्ती लावायची. भोकं सरळ रेषेत असली की ज्योत दिसते, एक पुठ्ठा जरा सरकवला की गडप. “प्रकाश सरळ रेषेत जातो, वळत नाही. म्हणून सावली पडते,” हे वाक्य मी टाळी घेतल्यासारखं म्हणायचो.

त्या वर्षी सप्टेंबरात मी ते वाक्य म्हटलं, तेव्हाही जैबुन उभी राहिली होती. वर्गातल्या मुलींपैकी ती फारशी न बोलणारी. तिच्या वडिलांचं, बाबालाल शिकलगारांचं, स्टँडजवळ सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. ती म्हणाली, “सर, छर्र्याच्या सावलीत मधे उजेड असतो. आमच्या शेडमध्ये दिसतो.”

“छर्र्याला भोक पडलं असेल,” मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी ती सायकलच्या पायडलमधला छर्रा, पोलादाची बारीक गोळी, घेऊनच आली. मी तिला टेबलाजवळ बोलावलं, बॅटरीचा झोत पाडला, भिंतीवर सावली पडली. काही नाही. चाळीस पोरं माना उंचावून बघत होती.

“इथं नाही दिसणार, सर. इथं उजेड फार आहे. संध्याकाळी पाचच्या सुमाराला शेडमध्ये दिसतो. तुम्ही या.”

“म्हणजे तुझ्या ठिपक्याला ऑफिसची वेळ आहे तर!”

तेव्हापासून पोरं तिला ‘ठिपका’ म्हणून हाक मारायला लागली. मी ते ऐकायचो. कधी कुणाला दटावलं नाही.

आणि आता तिने परीक्षेतही तेच काढलं होतं.

“असा ठिपका पुस्तकात आहे?” मी विचारलं.

“नाही, सर.”

“मी कधी शिकवला?”

“नाही.”

“मग कशाच्या आधारावर मार्क देऊ?”

तिने पेपरकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आवाज चढलेला नव्हता, पण स्वच्छ होता. “मी बघितलाय, सर. तुम्ही बघितलाय का?”

नववीतल्या पोरीने शिक्षकाला असं विचारायचं, हे त्या काळात कुणी ऐकलंही नव्हतं. माझे कान तापले. उत्तर एका शब्दाचं होतं, ‘नाही’. ते देण्याऐवजी मी तिला वर्गाबाहेर उभं केलं आणि मधल्या सुट्टीत मुख्याध्यापकांच्या खोलीत गेलो.

मुख्याध्यापक कोरे सर शिस्तीचे कडक. त्यांनी दुसऱ्याच दिवशी, शुक्रवारी, बाबालालभाईंना बोलावून घेतलं. ते कामावरून तसेच आले होते. हाताला ग्रीस, म्हणून खुर्चीला हात न लावता उभेच राहिले. जैबुन त्यांच्या शेजारी.

“तुमच्या मुलीने सरांचा अपमान केलाय,” कोरे सर म्हणाले. “तिने माफीचं पत्र लिहून द्यावं. ‘मी वर्गात खोटं बोलले, असा ठिपका नसतो, यापुढे उलट बोलणार नाही.’ एवढंच. विषय संपला.”

“लिही,” बाबालालभाई म्हणाले.

जैबुनने कागद ओढला, उभ्या उभ्याच लिहिलं आणि पुढे सरकवला. कोरे सरांनी वाचलं आणि माझ्याकडे दिलं. ‘मी सरांना उलट बोलले याबद्दल माफी मागते.’ खाली सही.

“आणि ठिपका?” कोरे सरांनी विचारलं.

“ते नाही लिहिणार, सर.”

“जैबुन!” बाबालालभाईंचा आवाज चढला. “लिही म्हणतोय न्हवं मी?”

“अब्बा, तो दिसतो. दिसत नाही असं कसं लिहू?”

मग बाबालालभाईंनी माझ्यासमोर हात जोडले. ते ग्रीसचे हात.

“गुरुजी, माफ करा. पोरगी हट्टी हाय. आजवर माझ्याशी खोटं बोलली न्हाई, म्हणून म्या तिला शिकीवली. आता तुमच्यासारखा शिकल्याला माणूस खोटी म्हणतोय, तर माझंच डोकं चालंना. सोमवारपासनं न्हाई येणार ती. तिची आत्या मिरजेला बोलवतीयाच. घरकामाला हातभार हुईल, फुडचं बी ती बघंल.”

‘पुढचं’ म्हणजे लग्न, हे सगळ्यांना कळलं. जैबुनने खाली मान घातली नाही की ती रडलीही नाही. दारातून जाताना तिने एकदा माझ्याकडे पाहिलं. त्या बघण्यात राग असता तर मला बरं वाटलं असतं.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी सांगलीला गेलो. जिल्हा विज्ञान प्रदर्शन जवळ आलं होतं, दोन भिंगं आणि एक प्रिझम आणायचा होता. काम झाल्यावर माझ्या जुन्या कॉलेजात डोकावलो. आमचे भौतिकशास्त्राचे आवटी सर प्रयोगशाळेत एकटेच बसून मऊ कापडाने भिंगं पुसत होते. निवृत्तीला वर्ष राहिलेलं. मला बघून खूश झाले, स्टुल पुढे केलं.

गप्पांच्या ओघात मी छर्र्याची हकिगत सांगितली. विनोद म्हणून सांगितली. मनात कुठेतरी हवं होतं की त्यांनी हसावं, म्हणजे शुक्रवारपासून छातीवर बसलेलं ओझं उतरेल.

ते हसले नाहीत. भिंग पुसायचं थांबले.

“छर्रा केवढा होता?”

“पायडलमधला, सर. ज्वारीच्या दाण्याएवढा.”

“उजेड कुठून येतो? भोक केवढं?”

“पत्र्याला खिळ्याचं भोक असेल. नक्की नाही माहीत.”

“भोकापासून छर्रा किती लांब? छर्र्यापासून कागद?”

“विचारलं नाही.”

“मग विचारलंस तरी काय तिला?”

त्यांनी भिंग खाली ठेवलं, चष्मा कपाळावर सारला आणि सांगायला लागले. वर्गात सांगायचे तसं नाही. घरातल्या भांडणाची हकिगत सांगावी तसं.

“न्यूटन म्हणाला, प्रकाश म्हणजे बारीक बारीक कण. बंदुकीतून सुटल्यासारखे सरळ जातात, आडवं काही आलं की अडतात, मागे सावली. पटण्यासारखंच होतं. शिवाय न्यूटन म्हणतोय! हॉलंडमध्ये एक जण म्हणत होता की प्रकाश कण नव्हे, लाट आहे. त्याला कोण विचारतो? शंभर वर्षं अशीच गेली. मग इंग्लंडात एका डॉक्टरने दोन बारीक फटींतून उजेड सोडला. पडद्यावर काळे-पांढरे पट्टे आले. उजेडात उजेड मिळवला आणि काही ठिकाणी अंधार झाला! कणांचं असं होईल का? लाटांचं होतं. तर लोकांनी त्या बिचाऱ्याची छापून टिंगल केली.”

“हे आठवतंय, सर.”

“पुढचं ऐक. फ्रान्समध्ये फ्रेनेल नावाचा रस्ते बांधणारा एक तरुण इंजिनीअर. फावल्या वेळात त्याने लाटांचं सगळं गणित मांडलं आणि १८१८ सालच्या स्पर्धेला पाठवलं. परीक्षकांत बरेचसे कणवाले. त्यातला एक, प्वासाँ, गणितात असा की त्याच्यापुढे कुणी उभं राहू नये. त्याने या पोराचंच गणित घेतलं आणि पुढे नेलं. म्हणाला, हे खरं धरलं तर गोल वस्तूच्या सावलीत अगदी मधोमध उजेडाचा ठिपका पडायला पाहिजे. काय हा वेडेपणा! म्हणजे लाटांचा सिद्धांतच खोटा.”

मी स्टुल पुढे ओढलं.

“आता बघ, गणित त्याचं बरोबर होतं. पण एवढा मोठा माणूस ठिपका शोधायला उठला नाही, कारण नसणार याची त्याला खात्री होती. त्याच समितीत अरागो म्हणून दुसरा होता. त्यानं वाद घातला नाही. त्यानं एक बारीकशी गोल चकती घेतली, प्रयोग मांडला आणि पाहिलं.”

“आणि?”

“होता ठिपका. आणखी गंमत सांगू? त्याच्या शंभर वर्षं आधी एकाने तो पाहिला होता. लिहूनही ठेवला होता. कुणी लक्षच दिलं नाही.”

“मग लाटवाले जिंकले.”

“जिंकले. पुढच्या शतकात कण परत आले. आता आम्ही म्हणतो, दोन्ही. म्हणजे नेमकं काय, ते मला विचारू नकोस, मलाही रात्री कधी कधी प्रश्न पडतो.” ते थांबले. मग हळूच म्हणाले, “उपळेकर, वर्तुळाकार अडथळ्याचं विवर्तन, प्रकाश कडेवरून कसा वळतो ते, मी तुम्हाला सेकंड इयरला शिकवलं होतं. आलं होतं ना तुमच्या परीक्षेत?”

“आलं होतं, सर. मी सोडवलं होतं. दहापैकी आठ मिळाले.”

“शेवटची ओळ काय होती?”

मी तोंड उघडलं आणि ती ओळ जशीच्या तशी आठवली. पान भरून समीकरणं, आणि तळाशी, पट्टीने दोन रेघा मारून अधोरेखित केलेली: म्हणून सावलीचा केंद्रबिंदू नेहमी प्रकाशित असतो.

मी ते पाठ केलं होतं. लिहिलं होतं. आठ मार्क घेतले होते. ती ओळ एखाद्या छर्र्याविषयी आहे, एखाद्या भिंतीविषयी आहे, असं मला एकदाही वाटलं नव्हतं.

आवटी सरांनी पुन्हा भिंग उचललं. “ती मुलगी शाळेत येते ना अजून?” त्यांनी विचारलं. मी प्रिझमची पुडी पिशवीत घातली आणि उठलो.

रविवारी साडेचारच्या सुमाराला मी बाबालालभाईंच्या दुकानात गेलो. ते चाकाचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढत होते. मला बघून उठले, फडक्याला हात पुसले, बसायला लाकडी पेटी दिली. पण नेहमीचा मोकळेपणा नव्हता.

“भाई, मला तो ठिपका बघायचाय,” मी म्हणालो. “जैबुन दाखवेल का?”

त्यांनी थोडा वेळ माझ्याकडे पाहिलं आणि आत हाक मारली.

शेड दुकानाच्या मागे होती. लांबट, पत्र्याची, मोडक्या सायकली आणि जुने टायर यांनी भरलेली. आम्ही तिघं आत गेल्यावर जैबुनने दार लावून घेतलं, फटीत पोती कोंबली. अंधार झाला. पश्चिमेच्या पत्र्यात, डोक्याच्याही वर, एक बारीक भोक होतं. त्यातून उन्हाची एक तिरपी काडी आत आली होती. तिच्यात धूळ तरंगत होती.

“सर, जास्त हलू नका, धूळ उडते,” ती म्हणाली. तेवढंच. मग ती आपल्या कामाला लागली. शेडच्या मधोमध एक स्टुल, त्यावर साबणाची वडी, वडीत उभी खोचलेली सुई. सुई तिने डायनामोच्या लोहचुंबकावर घासली होती, म्हणून छर्रा तिच्या टोकाला आपोआप चिकटून बसला. भोकापासून स्टुल चार पावलं, स्टुलापासून पलीकडचा कागद चार पावलं. कागद म्हणजे कॅलेंडरच्या पानाची कोरी बाजू, खोक्याला टेकवून ठेवलेली.

“उजेड पडत नाहीय की त्याच्यावर,” मी म्हणालो. उन्हाची काडी छर्र्याच्या वीतभर बाजूने जात होती.

“येईल. सूर्य सरकतो तसा उजेड चालतो. छर्रा आधीच पुढे लावून ठेवायचा आणि वाट बघायची. आला की दोन मिनिटं थांबतो.”

आम्ही तिघं वाट बघत उभे राहिलो. कागदावरचा उजेडाचा गोल, बशीच्या तळाएवढा, खरोखरच मुंगीच्या गतीने चालत होता. दहा-एक मिनिटं गेली असतील. मग गोलाच्या कडेला एक काळी खाच पडली, ती आत आत सरकली आणि हरभऱ्याएवढी गोल सावली कागदावर उभी राहिली.

“आता जवळून बघा, सर. श्वास रोखून.”

मी गुडघे टेकले. सावली काळी होती. मी आणखी पुढे वाकलो. आणि तिच्या बरोबर मधोमध, जिथे पोचायला उजेडाला कुठलीच सरळ वाट नव्हती तिथे, खसखशीच्या दाण्याएवढा एक ठिपका शांतपणे चमकत होता.

मी किती वेळ बघत होतो कोण जाणे. मागून जैबुन म्हणाली, “सर, अब्बांना बघू द्या. जाईल तो.”

बाबालालभाई वाकले. अठरा वर्षं ती शेड त्यांची होती. उजेडाचा गोल पुढे सरकला, सावली पुसट झाली, ठिपका गेला. तरी ते कोऱ्या कागदाकडे बघत राहिले.

“कधीपासनं बघतीयास हे?”

“उन्हाळ्यापासून.”

“मला का न्हाई दाखीवलं?”

“तुम्ही दुकानात असता, अब्बा. आणि त्या वेळी गिऱ्हाईक असतं.”

दार उघडलं. मी तिच्याकडे वळलो. रस्त्याने येताना माफीची चार वाक्यं जुळवून आणली होती, ती सुरू केली. तिने मधेच थांबवलं.

“सर, पण तो का दिसतो? उजेड तिथं जातो कसा?”

मी सांगायला लागलो. छर्र्याच्या कडेवरून लाटा थोड्या आत वळतात, सगळ्या कडा मध्यापासून सारख्याच अंतरावर, म्हणून सगळ्या एकदमच मध्यावर पोचतात आणि एकमेकींना साथ देतात.

“मग मधेच का वळतात? सगळीकडेच वळत असतील ना? मग बाकीच्या सावलीत अंधार का?”

आठ मार्कांची समीकरणं मनात धावत गेली. त्यात तिला सांगण्यासारखं एकही वाक्य नव्हतं.

“मला नीट सांगता येत नाही,” मी म्हणालो. “विचारून, वाचून सांगतो.” शिक्षक म्हणून हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा उच्चारत होतो.

बाबालालभाई मला रस्त्यापर्यंत सोडायला आले. “गुरुजी, घरापतूर आलासा, मोठेपणा हाय तुमचा,” ते म्हणाले. “पण पोरगी खोटी ठरली ती चाळीस पोरांम्होरं. हितं शेडात ती खरी ठरली, तर ते कुणाला कळणार?”

“सोमवारी तिला पाठवा,” मी म्हणालो.

सोमवारी प्रार्थनेनंतर मी कोरे सरांना सगळं सांगितलं. त्यांना ते मुळीच पसंत पडलं नाही. “उपळेकर, शिक्षकाने पोरांसमोर अशी कबुली दिली तर उद्या प्रत्येक धड्याला हात वर होईल,” ते म्हणाले. मी म्हणालो, “होऊ दे, सर.” बोललो खरा, पण वर्गाकडे लांबच्या वाटेने गेलो.

पुढचं थोडक्यात सांगतो. जैबुन मिरजेला गेली नाही. मॅट्रिक झाली, बाबालालभाईंनी धीर करून तिला सांगलीला ठेवलं, तिथे निवृत्तीनंतरही आवटी सर तिला घरी बोलावून शिकवत. पुढे ती एका कॉलेजात प्रयोगशाळा सांभाळू लागली, मग शिकवू लागली. लग्नही झालं, तिच्या मनासारखं. अंधार का, हे तिनेच मला बऱ्याच वर्षांनी समजावलं, स्टीलच्या ताटात पाणी घेऊन, दोन बोटांनी उठवलेल्या लाटा कुठे एकमेकींना मिटवतात ते दाखवून. पण हे सगळं नंतरचं. मला सांगायचंय ते त्या सोमवारचं.

वर्गात शिरलो तेव्हा ती तिच्या बाकावर होती. मागून कुणीतरी ‘ठिपका आला’ असं कुजबुजलं. मी हजेरी घेतली नाही. टेबलापुढे येऊन उभा राहिलो आणि म्हणालो, “प्रकाश वळत नाही असं मी तुम्हाला शिकवलं, ते चुकीचं आहे. तो वळतो. छर्र्याच्या सावलीत मधे ठिपका असतो. जैबुनने तो स्वतः शोधला. मी न बघता तिला खोटं ठरवलं आणि तुम्हाला हसायला लावलं. काल मी तो बघितला. जैबुन, मला माफ कर.”

कुणी हसलं नाही. मला वाटलं होतं की बोलून झालं की हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. नुसतेच चाळीस जोडी डोळे माझ्याकडे बघत होते. मी तिचा पेपर मागून घेतला, शून्यावर काट मारली, शेजारी पाच लिहिले, पाचपैकी पाच, सही केली आणि परत दिला.

तिने तो बाकावर पसरून पाहिला. काही तरी निरखत होती. मग उठून, पेपर घेऊन टेबलाशी आली.

“आता काय?” मी विचारलं.

“पाच नको, सर. चार द्या.” तिने आकृतीवर बोट ठेवलं. “मी ठिपका फार मोठा काढलाय. एवढा नसतो.”